रोसेंडाच्या आईचा निरोप

बैरुतच्या दोरा चौकाजवळ माझं दुकान आहे. पुढं किराणा, मागं चार टेबलं. नवरा आर्मेनियन, परवाना त्याच्या नावावर; चूल माझी. इथल्या घरांत कामाला राहणाऱ्या आमच्या फिलिपिनो बाया रविवारच्या सुट्टीला इथं येतात, भात खातात, मालकिणींच्या नकला करतात, जमलं तर थोडं रडून घेतात.

मॅडम नायला मात्र शुक्रवारी सकाळी यायच्या, गर्दी नसताना. बाकीच्या मालकिणींना आमच्या खारवलेल्या मासळीचा वास आला की नाकाला रुमाल लागतो. या बाई बरणी उघडून बोट बुडवायच्या. आधी समोरच्या सिंहली माणसाकडे आप्पे, मग बंगाल्याकडे मोहरीतला मासा, मग माझ्याकडे. जे जिभेला पटेल ते घरी करून हवं असायचं. चाखायच्या मॅडम, करायची रोसेंडा.

रोसेंडा माझ्याच भागातली, इलोकोसची. नऊ वर्षं त्या घरात होती. मला 'मानांग' म्हणायची, म्हणजे ताई. तिचा फोन आठवडाभर मॅडमच्या कपाटात असायचा, रविवारी सकाळी हातात मिळायचा.

त्या गुरुवारी तिच्या बहिणीचा, ग्लोरिताचा, मला निरोप आला. आई बुधवारी गेली. रोसेंडा फोन उचलत नाही म्हणून मॅडमना कळवलंय, पण तूही तिच्या कानावर घाल, असं लिहिलं होतं. आमच्याकडे मयत आठवडाभरसुद्धा घरात ठेवतात, परदेशातलं लेकरू पोचेपर्यंत. शेजारी पत्ते खेळत बसतात, रात्री जागवतात. पुरायची घाई कुणाला नसते.

शुक्रवारी दोघी आल्या. रोसेंडा हसतच आत शिरली आणि सरळ कारल्यांच्या टोपलीवर वाकली. तिला काही सांगितलेलं नाही हे मला बघताक्षणी कळलं. मॅडमनी माझा दंड धरून मला बर्फाच्या पेटीपाशी नेलं.

"तुला कळलंय ना?"

"हो मॅडम."

"उद्या माझ्याकडे चौदा माणसं जेवायला आहेत. सगळं तुमच्याकडचं करायचंय. आत्ता सांगितलं तर ती हातपाय गाळून बसेल. रविवारी मी स्वतः सांगते, शांतपणे, जवळ बसवून." त्यांचा आवाज मऊ होता. "आणि बघ, गेलेल्या माणसाला दोन दिवसांनी काय फरक पडतो?"

मी भ्याले असं सांगता आलं असतं तर बरं झालं असतं. मी भ्याले नव्हते. त्यांच्या मागोमाग त्यांच्या चार मैत्रिणी माझ्याकडे खरेदीला यायला लागल्या होत्या. मी म्हटलं, "तुमची मर्जी."

रोसेंडा एकेक कारलं दाबून बघत होती.

"नवरा निवडतेयस का?" मी म्हटलं. काहीतरी बोलायला हवं होतं.

"नवरा असा बघून घेतला असता तर आज इथं असते का, मानांग?" ती म्हणाली. मग फळीवरची मऊ बिस्किटं तिनं काढली, सहा पुडे. "आईला गावी पाठवायच्या खोक्यात घालायला. तीनच दात उरलेत तिचे. त्यातले दोन भांडायला ठेवलेत." पुडे माझ्यापुढं ठेवत तिनं विचारलं, "ग्लोरिता काही बोलली का गं या आठवड्यात?"

मॅडम मागं उभ्या राहून आल्याचा वास घेत होत्या.

"नाही गं," मी म्हटलं. "बरं असेल सगळं."

बिस्किटं मी पिशवीत भरून दिली.

शनिवारचं आणि रविवार सकाळचं मला नंतर बायांकडून कळलं, रोसेंडानं त्यांना सांगितलेलं. पाहुण्यांनी ताटं चाटून पुसली. मॅडमनी तिला ओल्या हातांनी स्वयंपाकघरातून बाहेर बोलावलं आणि सगळ्यांसमोर विचारलं, हे तुला कुणी शिकवलं? ती म्हणाली, आईनं. तेव्हा मॅडमनी पेला उचलला, म्हणाल्या, "मग हा घोट हिच्या आईसाठी." चौदाही जणांनी पेले उचलले. रोसेंडाला इतकं भरून आलं की तिनं मॅडमचा हात हातात घेतला. आईला हे कधी एकदा सांगते असं तिला झालं होतं.

रविवारी सकाळी मॅडमनी तिला जवळ बसवलं, सांगितलं, फोन दिला. रात्रीच कळलं म्हणाल्या. पण फोनमध्ये गुरुवारपासूनचे निरोप होते. रोसेंडानं बहिणीला फोन लावला तर ग्लोरिता रडतच म्हणाली, "तूच कळवलंस ना, थांबू नका, मला जमणार नाही म्हणून? मॅडमनी तुझा निरोप लिहून पाठवला. आम्ही आज पुरून आलो."

दुपारी टेबलं भरलेली असताना ती दुकानात आली. बसली नाही.

"मानांग, ग्लोरितानं तुला गुरुवारी कळवलं होतं?"

माझ्या हातात रश्श्याचं पातेलं होतं. "मॅडम म्हणाल्या होत्या, की मी स्वतः..."

"मॅडमचं विचारत नाही. ती मॅडम आहे. तुझं विचारतेय."

सगळ्या बाया बघत होत्या. मी म्हटलं, "हो."

"आणि बिस्किटं विकलीस."

ती रडली नाही, ओरडलीही नाही. वळली आणि निघून गेली. मग एकीनं भात मागितला. मी वाढला.

गावी जायची परवानगी तिनं मागितली, तर मॅडम म्हणाल्या, आता जाऊन काय करणार, माती तर पडली. पासपोर्ट त्यांच्या कपाटात. रोसेंडा राहिली, पण त्या दिवसापासून आमच्याकडचं काही रांधायचं म्हटलं की सांगायची, विसरले. मॅडमनी समजावलं, सामान पुढ्यात आणून ठेवलं, शेवटी थोबाडीतही मारली. ती लादी पुसायची, कपडे धुवायची, चुलीपाशी उभी राहिली की विसरले. दोन महिन्यांनी मॅडमनी तिला डोंगरावरच्या एका नातेवाइकाकडे देऊन टाकलं. तिथं अंथरुणाला खिळलेला म्हातारा आहे आणि रविवारची सुट्टी नाही. मी एकदा कुणाच्या तरी हाती निरोप पाठवला होता. उत्तर आलं नाही.

हे डोंगराचं मला मॅडमनीच सांगितलं. शुक्रवारी आल्या होत्या, बरोबर एक नवी मुलगी, तीही इलोकोसचीच, अंगावरच्या गणवेशाची घडीही अजून मोडली नव्हती. "हिला जरा शिकव," म्हणाल्या आणि समोर आप्पे खायला गेल्या.

मुलगी हळूच माझ्याजवळ सरकली. "मानांग, मॅडम कशा आहेत?"

"चांगल्या आहेत," मी म्हटलं. "खाण्याच्या शौकीन आहेत."