स्लॅबचं पाणी

ड्रायव्हरकाकांच्या जिवाला त्या गुरुवारी सकाळपासून चैन नव्हती. दोनदा जिना चढून ते नव्या स्लॅबवर पाणी मारून आले. तिसऱ्यांदा निघाले तेव्हा बायको म्हणाली, "अहो, स्लॅब आहे तो, म्हैस नाही. किती पाजाल?"

खरं दुखणं वेगळंच होतं. प्रभूनं शेवटच्या भोजनाच्या वेळी शिष्यांचे पाय धुतले, त्याची आठवण म्हणून ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी फादर चर्चमध्ये बारा जणांचे पाय धुवायचे. बस चालवत होते तेव्हापासून, सलग अठरा वर्षं, पहिली खुर्ची काकांची. आदल्या दिवशी नखं कापायची, टाचा दगडानं घासायच्या, निघताना वासाच्या साबणानं पाय धुवायचे. धुवायला न्यायचे पाय आधी धुवून न्यायचे, ही त्या बाराही जणांची रीतच होती. यंदा नव्या फादरांनी सगळी यादी बदलली. बाराही खुर्च्या पोटासाठी बाहेरून आलेल्यांना दिल्या. काकांच्या वाट्याला आलं पाण्याचा जग आणि टॉवेल धरायचं काम.

"दर रविवारी दारापाशी उभं राहून मिस्सेची प्रार्थना ऐकतात ते," फादर म्हणाले होते. "आपण कधी सरकून जागा दिली का?"

"आम्ही इथले, फादर. त्यांचं काय, आज इथे, उद्या तिथे."

"तान्ह्या येशूला घेऊन त्याचे आईबापही परमुलखात पळाले होते, काका. कुणीतरी दार उघडलंच असेल ना?"

यानं काकांचा राग उलट दुप्पट झाला. त्यात घरी आल्यावर बायकोनं मीठ चोळलं, "खुर्ची काय तुमच्या आजोबांनी करून ठेवली होती?"

संध्याकाळी चर्च गच्च भरलं. जग धरून काका फादरांच्या मागे एकेक पाऊल सरकत होते. एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकत होते. पहिल्या खुर्चीकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं आणि नजर तिथेच जात होती. सहा जणांचे पाय धुऊन झाले. सातवा माणूस मात्र बूट काढेना. कुणाचे तरी मागून आणलेले बूट, दोन नंबर मोठे.

"राहू द्या फादर, माझे नकोत," तो पुटपुटला.

आमची खुर्ची घेऊन वर नखरे! काकांचं डोकंच फिरलं. जग खाली ठेवून ते वाकले, नाडी सोडली आणि बूट ओढला. बुटाबरोबर माणूस कळवळला.

पायाला चिंधी गुंडाळली होती. ती सुटली. घोट्यापर्यंत कातडी सोलवटलेली, बोटांच्या बेचक्यांत लाल जखमा, टाचेला बोटभर भेगा. सिमेंटनं भाजलं की असं होतं, हे घर बांधायला काढलेल्या काकांना कळत होतं.

तो माणूस ओशाळून हसला. "काका, स्लॅबला पाणी मारता ना रोज? सात दिवसांवर थांबू नका. तडे जातील."

काकांनी तेव्हा कुठे त्याच्या तोंडाकडे पाहिलं. गेल्या गुरुवारी स्लॅब टाकला तेव्हा सगळेच चेहरे सिमेंटनं राखाडी होते. एकजण जिन्यात येऊन म्हणाला होता, गमबूट फाटलाय, सिमेंटचा माल आत जाऊन पाय जळतोय, बादलीभर पाणी द्या. पाण्याचा टँकर एकच आला होता. स्लॅब मध्येच थांबला तर सांधा राहतो आणि पुढे गळतो. काकांनी त्याच्याकडे न बघताच सांगितलं होतं, "तू पाय धूत बसशील आणि मालाला पाणी कमी पडेल. संध्याकाळी धू."

त्या पायांनी हा माणूस संध्याकाळपर्यंत मालात उभा होता.

फादरांनी जगासाठी हात पुढे केला. काकांनी जग उचलला, पण दिला नाही. ते गुडघ्यांवर बसले.

"यानं माझ्याकडे पाणी मागितलं होतं, फादर," ते म्हणाले. "मी नाही म्हटलं."

फादरांच्या गळ्यातला माईक चालू होता. ते वाक्य शेवटच्या बाकापर्यंत पोचलं, तिसऱ्या बाकावरच्या बायकोपर्यंतही. काकांना त्याची फिकीर नव्हती. लाज वाटत होती ती त्या पायांपुढे. त्यांनी जग दोन्ही हातांत धरला आणि धार अगदी बारीक सोडली. एक पाय झाला, मग हलकेच बूट काढून दुसरा. मग पुन्हा पहिला.

तो माणूस पाय मागे घेऊ लागला. "पुरे काका. पुढच्यांना कमी पडेल."

काकांनी त्याची टाच हातात धरून ठेवली. तिसऱ्या बाकावरून बायको उठली आणि कोपऱ्यातली बादली घेऊन बाहेरच्या नळाकडे गेली.

"नाही पडणार," काका म्हणाले.