मेलेल्या मांसाचं मूळ

मांसाच्या कारखान्यातल्या जेवणघरात त्या दुपारी कुणी जेवत नव्हतं. कापणीवरच्या बायकांची झुंबड उडाली होती आणि मधल्या टेबलावर लेप लावून चामखिळी काढणारा मूळबाबा चिमट्यात काहीतरी काळं धरून बसला होता. त्याला बारीक तंतू लोंबत होते.

"बघा, मुळासकट! डॉक्टर वरून कापतो, बाबा खालून उपटतो. माझ्या लेपाला डोळे आहेत, माय. वाईट तेवढंच शोधून खातो!"

"धन्य आहे हो बाबांची!" बायका हात जोडत होत्या.

ते मूळ माझ्या आत्याच्या उजव्या हाताच्या बोटातून, नखाच्या कडेतून निघालं होतं. मी कातडीचे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली तपासणारी डॉक्टर. त्याआधीच तिला म्हटलं होतं, "आत्या, ही चामखीळ मला साधी वाटत नाही. तुकडा तपासू. वेळ आली तर बोटाचं टोक काढावं लागेल."

"वा गं वा! बोट देऊ, मग सुरी काय पायात धरू?" ती हसली होती. "तुझं शास्त्र बोट मागतं. बाबा नुसता विश्वास मागतो."

तिच्यासारखी सुरी कारखान्यात कुणाची चालत नसे. हाडाला धक्का न लावता मांस सोडवायची. मला लहानपणी भरवलेला हात तो. माझा नाइलाज झाला.

मांस कापणाऱ्यांच्या हातांना चामखिळी होतातच. थंड, ओली कातडी आणि बारीक जखमा. विषाणूला तेवढं पुरतं. पुष्कळांच्या काही काळानं आपोआप जातातही, कारण शरीरच त्या विषाणूला ओळखतं. बाबाला ते श्रेय आयतं मिळत होतं.

आत्याचं बोट वरून भरून आलं. ती दिसेल त्याला दाखवत सुटली. मग नखाखाली ठणका लागला, बाबानं घरी लावायला लेपाची डबी दिली, आणि शेवटी काखेत गाठ आली तेव्हा ती माझ्याकडे आली. तुकडा मीच तपासला. पाहता पाहता काच धूसर झाली, डोळे पुसून पुन्हा पाहिलं. कर्करोगच होता.

कातडीची पेशी तळाशी जन्मते, वर सरकत पक्व होते, चपटी होते, मरते आणि झडते. तिच्या मरण्यावरच आपलं कातडं टिकून असतं. साधी चामखीळ हा क्रम लांबवते, मोडत नाही. आत्याच्या बोटातला विषाणू दुसऱ्या जातीचा होता. बिघडलेल्या पेशीला 'आता मर' म्हणून सांगणारा एक पहारेकरी प्रत्येक पेशीत असतो. या विषाणूचं एक प्रथिन त्यालाच संपवतं आणि दुसरं वाढीचा लगाम सोडून देतं. मग पेशी पक्व होत नाहीत, मरायच्या वेळी मरत नाहीत, नुसत्या वाढत राहतात आणि खोल उतरतात. लेपानं वरचं कातडं जाळलं. खालच्यांचं काम निवांत चालू राहिलं.

बोट गेलं. काखेतली गाठ काढली, पण रोग पुढे गेला होता. तरी आत्या म्हणाली, "मला कारखान्यात ने. ती डबीपण घे."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी जेवणघरात सगळ्यांसमोर, कातडीसकट कापलेल्या ताज्या मांसावर डबीतला लेप फासला आणि झाकून ठेवला. दुपारी बाबा आला. आत्यानं डाव्या हातात चिमटा घेतला, झाकण काढलं आणि ओढलं. काळा गोळा सुटून आला. त्याला तंतू लोंबत होते.

मुकादम म्हणाला, "काय बाबा, या मेलेल्या मांसाला कसली चामखीळ झाली होती?"

"त्या... त्या मांसाची श्रद्धा नव्हती!" बाबा बोलून गेला. एक-दोघी हसल्या आणि आत्याकडे बघून ओशाळल्या.

मी सांगितलं, "हा जाळणारा लेप आहे. चांगलं-वाईट काही ओळखत नाही. जिथे लावाल तिथलं मांस काळं पडून निघतं. तंतू मांसाचेच."

"मग माझ्या बोटातून निघालं ते काय होतं गं?" आत्यानं विचारलं.

"तुझंच कातडं, आत्या."

तिनं चिमटा हळूच खाली ठेवला. बाबा पिशवी उचलून कधी सटकला, कुणी पाहिलंही नाही.

आत्या त्यानंतर फार दिवस राहिली नाही. मला तिची आठवण आली की अजून राग येतो आणि रडूही. म्हणून हात जोडून सांगते: न जाणारी चामखीळ, न भरणारी जखम दिसली तर तुकडा तपासून घ्या. चमत्कार दिसला तर तोच प्रयोग आधी मेलेल्या मांसावर करून बघा.

त्या दुपारी निघताना आत्यानं कापणीवरच्या मुलींना आपला हात दाखवला होता.

"हिनं नुसतं बोटाचं टोक मागितलं होतं गं," ती म्हणाली. "देऊन टाकायला हवं होतं."