मी धरून ठेवलेलं रक्त

मी ईडीटीए बोलतोय. जांभळ्या टोपणाच्या बारीक नळीत आतून फवारलेला पांढुरका थर, एवढाच मी. रक्त गोठायला कॅल्शियम लागतं. ते मी घट्ट धरतो, म्हणून नळीतलं रक्त पातळ राहतं आणि तपासता येतं.

कारखान्यातून मी यवतमाळच्या एका प्रयोगशाळेत आलो. तिथल्या इंदुताई सिकलसेल या रक्ताच्या आजारावरच्या संशोधनासाठी गावोगाव नमुने घ्यायच्या. राळेगावकडच्या एका गावात, समाजमंदिरात, माझी पाळी आली.

खुर्चीवर वैष्णवी बसली. एकोणीस वर्षांची, डोळे पिवळसर. मागे तिची आई लालीबाई.

"वावरात निंदनाले चाल म्हटलं का हिचे हातपाय दुखतेत," लालीबाई म्हणाली. "ढोंगी हाय पोरगी."

सुई टोचली तरी वैष्णवी हलली नाही. मग हळूच म्हणाली, "ताई, याच्यात कळन काय, मी ढोंग नाई करून राह्यली म्हनून?"

"कळेल गं. आठव्या दिवशी सांगायला येते."

तिचं कोमट रक्त माझ्यावर आलं आणि मी त्यातलं कॅल्शियम धरलं.

पाचव्या दिवशी निदान झालं. तिच्या कित्येक पेशी विळ्यासारख्या वाकड्या होत्या. त्या बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, मग हाडं ठणकतात. पोर खरंच सांगत होती. पण गावाकडे गाडी आठव्या दिवशी जायची होती, म्हणून अहवाल टेबलावरच राहिला.

सातव्या दिवशी वैष्णवीला ताप भरला, छातीत कळा आल्या. दवाखान्यात नेताना ऑटोतच ती गेली.

महिन्याभरानं लालीबाई प्रयोगशाळेत आली. "माह्या पोरीचं रक्त हाय म्हनतेत इथं. पाहू द्या."

इंदुताईंनी मला फ्रिजमधून काढून तिच्या हातात दिलं.

"लय थंडं हाय वं," असं म्हणत तिनं मला पदरात गुंडाळलं. "तापात वावरात उभी केली मी तिले. ढोंगी म्हनलं."

"मी पाचव्याच दिवशी यायला हवं होतं," इंदुताई म्हणाल्या.

लालीबाईनं मला परत दिलं आणि डोळे पुसले. "बारकी हाय घरी, निकिता. तिचेबी पाय दुखतेत. तिले तपासा."

इंदुताई गाडीसाठी थांबल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी पहिल्याच एसटीनं गेल्या आणि नमुना घेऊन लगेच परतल्या. निकितालाही तोच आजार निघाला. संध्याकाळी अहवाल घेऊन त्या पुन्हा गावात होत्या. आता तिची औषधं चालू आहेत.

मी मात्र एका क्रमांकाखाली, पुन्हा त्याच फ्रिजमध्ये पडून आहे. कॅल्शियम धरता येतं मला, माणूस नाही. तुमच्या घरात कुणी दुखतंय म्हणालं, तर ते खरं मानायला माझ्यासारख्या नळीची वाट पाहू नका.