मिरच्यांच्या ढिगाखाली

मी मेमरी कार्ड बोलतोय. पोस्टाच्या तिकिटाएवढा माझा जीव. कुठल्या कारखान्यात जन्मलो ते आठवत नाही. पण हुबळीच्या दुकानात शिवलिंगप्पांनी कॅमेऱ्यासोबत मला घेतलं, तिथपासूनचं सगळं आठवतं.

ब्याडगीच्या बाजारात त्यांची मिरचीची अडत. मुलगी सुवर्णा कॉलेजात पहिली आली, म्हणून तिला तो कॅमेरा. तेव्हा घरोघरी कॅमेऱ्याचे फोन आले नव्हते. पोरगी गळ्यात कॅमेरा अडकवून घरभर हिंडायची. अव्वा भाकरी थापतेय, अप्पा पोत्यांना टेकून घोरतायत, सगळं माझ्या पोटात.

"अगं, झोपलेल्या माणसाचा कसला फोटो काढतेस?"

"जागेपणी तुम्ही हसता कुठं, अप्पा!"

सगळ्यांचे फोटो तीच काढायची, त्यामुळे तिचे स्वतःचे अगदी मोजके.

मग तिनं बाजारातल्या हमालाच्या मुलाशी, यल्लप्पाशी लग्न केलं आणि दावणगेरे गाठलं. शिवलिंगप्पांनी भिंतीवरचे तिचे फोटो उतरवून चुलीत घातले. नंतर ती मागे ठेवून गेलेला कॅमेरा हातात घेतला. सगळं पुसायचं का, असं पडद्यावर आलं. त्यांनी बटण दाबलं.

खरं सांगतो, पुसलं म्हणून लगेच जात नाही. जागा मोकळी झाली अशी नुसती नोंद होते. सुवर्णा माझ्या आत होती तशीच होती. मला कॅमेऱ्यातून काढून बाजूला ठेवलं असतं, तरी पुरे होतं.

पण शिवलिंगप्पा लांबच्या व्यापाऱ्यांना दाखवायला मालाचे फोटो काढू लागले. लाल मिरच्यांचे ढीगच्या ढीग. एकेक ढीग तिच्या अंगावर पडत होता. मला ओरडता येत नाही.

पुढच्या वर्षी यल्लप्पाचा निरोप आला. सुवर्णा बाळंतपणात गेली, मुलगी वाचली, मातीला या. शिवलिंगप्पा गेले नाहीत. बायकोला, गौरव्वांनाही जाऊ दिलं नाही. त्या दिवसापासून गौरव्वांनी नवऱ्याशी बोलणं टाकलं. ताट वाढायच्या, पाणी ठेवायच्या, पण तोंडातून शब्द नाही.

पुसलेले फोटो परत मिळवता येतात, असं बाजारात कुणीतरी बोललं. तेव्हा शिवलिंगप्पांनीच मला खिशात टाकलं आणि बायकोला घेऊन हुबळीला, असले फोटो काढून देणाऱ्या नसीमाच्या दुकानात आले.

"चुकून पुसले गेले," ते म्हणाले.

"चुकून नाही," गौरव्वा नसीमाकडे बघत म्हणाल्या. "यांनी पुसले. तू बघ गं बाई, निघतात का."

नसीमानं मला तिच्या यंत्रात सरकवलं. "पुसल्यावर यात आणखी काही काढलंत का, अज्जा?"

शिवलिंगप्पा रस्त्याकडे बघत राहिले. "मालाचे... थोडेसे."

पडद्यावर एकेक फोटो वर येऊ लागला. मिरच्या. मिरच्या. अर्धी भाकरी आणि बांगड्यांचा हात. मग घोरणारे शिवलिंगप्पा, अगदी अख्खे. पुन्हा मिरच्या. आणि एकदम सुवर्णा. दारात उभी. कपाळ, कुंकू, दोन्ही डोळे. नाकाखाली मात्र फरकटलेल्या लाल मिरच्या.

गौरव्वांनी पडद्याला बोट लावलं. "हिचं तोंड कुठाय?"

"त्या जागेवर दुसरा फोटो आलाय, अव्वा. खालचं गेलं."

"वरचा फोटो काढून टाक की!"

"काढला तरी खालचं परत येत नाही."

"पुन्हा एकदा बघ, पोरी," शिवलिंगप्पा पडद्याजवळ सरकले. "असेल कुठंतरी. हा मीच काढला होता. हसत होती ती."

नसीमानं पुन्हा पाहिलं. तेवढंच निघालं.

तेव्हा गौरव्वा नवऱ्याकडे वळल्या. "नुसतं पुसून थांबला असतात, तर सापडली असती ती."

मिरच्यांचा भाग कापून देऊ का, असं नसीमानं विचारलं. "नको," शिवलिंगप्पा म्हणाले, "आहे तसाच छाप."

तो फोटो आता त्यांच्या भिंतीवर आहे. नातीला यल्लप्पा त्या घरात पाठवत नाही. मी गौरव्वांच्या कुंकवाच्या डबीत पडून असतो. अधूनमधून शिवलिंगप्पा मला तळहातावर घेतात. "अजून काही असेल का गं आत?" बायकोला विचारतात. स्वयंपाकघरातून नुसता भांड्यांचा आवाज येतो. माझ्या आत काही नाही, हे मला ठाऊक आहे. पण सांगू कसं?

तुम्हाला एवढंच विनवतो. रागाच्या भरात कुणाला पुसलंत, तर त्याची जागा लगेच भरू नका. थोडे दिवस ती रिकामी राहू द्या.