बोटभर उंच घोडी

"अहो, उठा तिथून! घोडी मोजताय की तिच्या पाया पडताय?"

बायको दारात चौकट धरून उभी होती आणि मी अंगणातल्या चिखलात गुडघ्यांवर. पाऊस नुकताच उघडला होता. माती अजून पायाला लोण्यासारखी चिकटत होती आणि वरून कोरडा गार वारा सुटला होता. एका हातात मापाची काठी, दुसऱ्या हातात तेलाची वाटी. आमच्या बुटक्या घोड्यांच्या धंद्यात उंची मोजतात ती मानेवरची आयाळ जिथं संपते, त्या शेवटच्या केसापर्यंत. तो केस जेवढा मागं, पाठीच्या उतारावर येईल, तेवढं घोडं कागदावर बुटकं. म्हणून ही घोडी, लांबडी, टेलरला देण्याआधी शेवटचं बघावं म्हणून मी सकाळपासून तिच्या आयाळीला तेल चोपडून केस मागं वळवत होतो. केस ऐकत नव्हते. लांबडी बोटभर उंचच भरत होती.

"बोटभरच जास्त आहे गं," मी म्हणालो.

"मग मीही तुमच्यापेक्षा बोटभर जास्त आहे. मलाही टेलरकडे देऊन या."

हे खरं होतं. गावात मला वीतभर म्हणतात. हा माणूस घोडी पैदा करत नाही, स्वतःसारखी मंडळी जमवतो, असंही म्हणतात. मी हसण्यावारी नेतो, कारण दुसरं काही करता येत नाही.

ह्या नादाला लागलो तेव्हा माझं ध्येय साधं होतं: पंचक्रोशीत सगळ्यात बुटकं घोडं माझं असावं. खुर्चीखालून जाणारं. काही वर्षं खपून मी तसं शिंगरू काढलं, खांद्यावर घालून प्रदर्शनाला नेलं, तर तिथं सगळे रंग बघत होते. ठिपके कुठं आहेत, विचारत होते. मी घरी आलो आणि ठिपक्यांच्या मागं लागलो. ठिपकेवाली जमली, तोवर लोक पाय बघायला लागले. सरळ पायांची जमली, तेव्हा एक चष्मेवाले परीक्षक घोड्याचं तोंड उघडून म्हणाले, "दात दाटीवाटीनं आलेत." आता मुंडकं चिमणीएवढं केल्यावर दात काय मैदानात उगवणार? वरातीमागून घोडं म्हणतात, पण मी दर वर्षी नवं घोडं घेऊन जुन्याच वरातीमागं पळत होतो. एवढ्या वर्षांत मला बक्षीस मिळालं ते एकदाच, स्वच्छ तबेल्याचं. तबेला बायको झाडायची.

आणि ह्या सगळ्या खटाटोपात लांबडी जन्मली. बुटक्या आईबापांच्या पोटी ही लांब तंगड्यांची. रंग मातीचा, ठिपका एक नाही. पाहुणे आले की मी तिला मागच्या बाजूला बांधायचो, जसं एखादं घर नापास पोराला आत बसवतं.

टेलरला मात्र ती हवी होती. टेलर म्हणजे माझा दोस्त आणि दावेदार. कपडे शिवता शिवता तोही ह्याच नादाला लागला, आणि घोडी मोजायला कपड्यांचीच टेप वापरतो. त्याच्याकडं एक नर होता, इतका बुटका की त्याला बादलीतलं पाणी प्यायला पुढचे पाय विटेवर ठेवायला लागायचे. बुटक्यांची लाट पुन्हा येतेय अशी आवई उठली होती. टेलर म्हणाला, नर तू ने, लांबडी मला गाडीला दे. मला रात्रभर झोप लागली नाही, आनंदानं.

"लांबडी जायची नाही," बायको म्हणाली.

"का?"

"मला आवडते."

"आवडीवर धंदा चालतो होय?"

"मग आजवर कशावर चालला?"

मी आवाज चढवला. "शब्द दिलाय मी! आणि हिचा उपयोग काय घरात? ना रंग, ना रूप, ना माप!"

ती दारातून निघाली. भिंत धरून, मग दावणीचा खांब धरून, हौदापर्यंत आली. मागच्या पावसाळ्यात ह्याच अंगणात ती घसरली होती. डाव्या खुब्याला मार बसला. डॉक्टरांनी काठी दिली, ती काठी ती कोंबड्या हाकायला वापरायची. "काठी टेकली की माणूस म्हातारं होतं," म्हणायची. पण हल्ली ती बरीच हिंडायफिरायला लागली होती. मी सकाळी गवत कापायला गेलो की मागं पाणी भरलेलं असायचं, पार टोकाच्या गोठ्यातलं शेण निघालेलं असायचं. मी गावभर सांगत सुटलो होतो की हा माझ्या मालिशचा गुण. दोघांतिघांना तर तेलही दिलं होतं.

हौदाच्या कठड्याला टेकून तिनं लांबडीच्या मानेवरून हात फिरवला. दावं सोडून माझ्या हातात दिलं.

"न्या," म्हणाली. "सावकाश न्या."

मी निघालो. फाटकातून बाहेर पडलो आणि चार पावलांवर लांबडी थांबली. ओढलं, चालली. पुन्हा थांबली. "आता कुठं पेंड खातंय घोडं?" म्हणून मी वळून बघितलं, तर ती माझ्याकडं बघत उभी. शांत. बसची वाट बघणाऱ्या माणसासारखी. रस्त्यात चाकोरीत पाणी साचलं होतं तिथं तर तिनं कमालच केली. आडवी आली, माझ्या डाव्या कुशीला अंग लावून उभी राहिली आणि हलेचना. मी ढकललं, शिव्या दिल्या, शेवटी स्वतःच पाण्यात पाय घातला, तेव्हा तीही हळूच एक पाऊल पुढं आली.

समोरून दूधवाला आला. सायकल थांबवून मजा बघत उभा राहिला.

"वीतभर, तुम्ही घोडीला नेताय की घोडी तुम्हाला?"

"हट्टी आहे जात!"

"कुणाची?" म्हणाला आणि घंटी वाजवत गेला.

टेलरच्या दारात पोचलो तेव्हा मला घाम फुटला होता. टेलर मशीनवरून उठून अंगणात आला. गळ्यात टेप होतीच. लांबडीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाला, "चालवून दाखव."

मी चालवली. थांबली. चालवली. थांबली.

"आधीच सांगतो, ही अशी आजच करतेय," मी म्हणालो. माल खपवणारा प्रत्येक माणूस हे वाक्य म्हणतो.

"गप. दावं सोड. नुसता चाल."

मी चाललो. लांबडी दाव्याशिवाय माझ्या डावीकडून चालायला लागली.

टेलर जरा वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "आता लंगड."

"काय?"

"लंगड म्हणतो. डाव्या पायानं."

टेलरच्या कुंपणावरून शेजारपाजारची मुंडकी वर आली होती. पण नर डोळ्यांसमोर होता. मी लंगडलो. आणि लांबडीनं अंग माझ्या कमरेला आणून भिडवलं. मी डावा पाय टेकला की ती थांबायची. उचलला की निघायची. तोल जाईल म्हणून माझा हात आपोआप तिच्या पाठीवर गेला, तर पाठ बरोबर हाताखाली. वाकायला नको, हात उंचावायला नको. अंगणाच्या पायरीपाशी ती स्वतःच थांबली आणि माझी वाट बघत राहिली.

कुंपणावरचं कुणी हसलं नाही. टेलरनं गळ्यातली टेप काढून खिशात घातली.

"वहिनींचा कुठला पाय रे?"

मला तेलाची वाटी आठवली. मालिशचा गुण म्हणून गावभर मिरवलेलं ते तेल.

"मी तिला गाडीला जुंपली तर चार पावलांवर थांबून गिऱ्हाईकाच्या तब्येतीची चौकशी करेल," टेलर म्हणाला. "घेऊन जा. नर राहू दे माझ्याकडंच. तसाही चावतो तो, तुला सांगणार नव्हतो."

परतताना मी घाई केली, म्हणजे करायला बघितली. लांबडी तिच्याच चालीनं आली. ऊन कलायला लागलं होतं, वारा बोचरा झाला होता. फाटक उघडलं.

बायको हौदापाशी उभी होती. मी सकाळी दावं घेतलं तेव्हा जिथं होती तिथंच. दोन्ही हातांनी कठडा धरून. पायाशी कोंबड्या, कारण त्यांना कुणी हाकलं नव्हतं. हौदापासून खांबापर्यंत मधे धरायला काही नव्हतं. सकाळी मला शब्दाची घाई होती आणि तिला दावं द्यायचं होतं, एवढ्या नादात ती आधाराशिवायचं ते अंतर ओलांडून आली होती. परत जायला मी तिच्यासाठी कुणी ठेवलं नव्हतं.

"इथंच उभी आहेस तेव्हापासून?"

"वारा खातेय," ती म्हणाली. ओठ पांढरे पडले होते.

मला रडू आलं. खोटं कशाला सांगू, घोड्यांच्या प्रदर्शनात हरलो तेव्हाही आलं होतं, पण हे तसं नव्हतं. "सांगायचं नाही का मला?" मी म्हणालो, आणि वर पुन्हा आवाजच चढवला, कारण मला दुसरं काही येत नाही.

"विचारलंत कधी? सकाळी म्हणालात ना, हिचा उपयोग काय. मी म्हटलं, बघू, माणसाला कळायला किती वेळ लागतो."

लांबडी माझ्या हातातून दावं ओढून गेली आणि तिच्या डाव्या बाजूला जाऊन उभी राहिली. बायकोनं कठडा सोडला.

आता टेलर येतो अधूनमधून. त्याच्या आईचे गुडघे गेलेत. पुढच्या हंगामात लांबडीला कुठला घोडा दाखवायचा ह्यावर आम्ही तास तास भांडतो. रंग कुठलाही चालेल, तोंड कसंही चालेल. शांत हवा, आणि घरच्या बाईच्या हाताला पुरेल एवढा उंच. प्रदर्शनात ह्याचा वर्ग नाही. म्हणजे ह्या खेपेलाही मी चुकीच्याच वरातीत आहे.

रोज संध्याकाळी आम्ही टोकाच्या गोठ्यापर्यंत जाऊन येतो. बायकोच्या डावीकडं लांबडी, उजवीकडं मी. परवा मी नेहमीसारखा दोन पावलं पुढं गेलो, तेव्हा बायको मागून म्हणाली, "अहो, तिच्याकडं बघा जरा. अजून शिकायचं वय आहे तुमचं."

मी थांबलो.