सत्कार कशाचा?

शालनच्या दारात पांढरी गाडी थांबली आणि सोलापूरच्या कॉलेजातली माणसं तिच्या नवऱ्याचा सत्कार करायला उतरली, तेव्हा तिच्या मनात पहिला प्रश्न आला तो एवढाच, की कशाबद्दल?

पोरगी कबड्डी खेळत होती हे खरं. अंकिता सोलापुरात होस्टेलवर राहून बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होती आणि मुलींच्या संघात कोपरा सांभाळायची. चढाईला आलेल्या पोरीचा घोटा एकदा तिच्या हातात सापडला की सुटायची बात नाही, असं तिचा बाप जोतीराम पारावर बसून सांगायचा. पण यंदा मुलींचा संघ पहिल्याच सामन्यात हरून परतला होता, आणि तेही त्यानेच गावभर सांगितलं होतं, पंचांना शिव्या घालत. मग हरलेल्या पोरीच्या बापाला टोपी घालायला सोलापूरहून बार्शीच्या पुढं एवढी वाट तुडवत कोण कशाला येईल?

जोतीरामला मात्र काही नवल वाटलेलं दिसलं नाही. सकाळीच दाढी करून, इस्त्रीचा सदरा घालून तो ओट्यावर बसला होता.

आलेली मंडळी मोठी गोड होती. चिंतामणी सर म्हणजे कॉलेजचे क्रीडासंचालक. त्यांच्या मुलांच्या संघाने विद्यापीठाचा चषक वर्षानुवर्षं दुसऱ्या कुणाला दिला नव्हता, आणि कॉलेजच्या फाटकावर त्यांचा फोटो प्राचार्यांच्या फोटोपेक्षा मोठा लावलेला शालनने पाहिला होता. सोबत त्यांच्या पत्नी गोदावरीबाई, ठसठशीत कुंकू लावलेल्या. तिसरा एक माणूस होता, त्याचं काम फक्त मोबाइलवर फोटो काढायचं.

सरांनी जोतीरामच्या डोक्यावर टोपी ठेवली, खांद्यावर टॉवेल टाकला, हातात नारळ दिला. टोपी जरा तिरकी बसली, तर फोटोवाल्याने ती पुन्हा काढून पुन्हा घालायला लावली. "दोघांचे हात दिसू द्या," तो म्हणाला.

शालन उंबऱ्यात उभी होती. "सर, अंकी का न्हाय आली संगं?"

"सराव चाललाय, वहिनी. गुणी पोरगी आहे तुमची."

"पर जिंकलं काय तिनं?"

सर हसले. "जिंकणं-हरणं होतच राहतं, वहिनी. आम्ही शिस्त बघतो. शिस्तीच्या मुलीच्या आईबापांचा मान राखायची आमच्या संघात पद्धतच आहे."

उत्तर गुळगुळीत होतं, आणि गुळगुळीत बोलणाऱ्या माणसांवर शालनचा पहिल्यापासून दात. आडतीवर जो माणूस सगळ्यांत गोड बोलतो तोच मापात मारतो, हे तिनं दर सुगीला अनुभवलं होतं.

एवढ्यात गोदावरीबाई उठल्या. "या वहिनी, तुमची ओटी भरते." पिशवीतून चांगली इरकल साडी निघाली, खण निघाला, तांदूळ, हळकुंड, सुपारी, सगळं साग्रसंगीत. शालनचा पाय जागचा हलेना. आत कुठंतरी कुणीतरी ओरडून सांगत होतं, घेऊ नकोस. पण भरली ओटी घेऊन सवाशीण आपल्याच घरात समोर उभी, तिला नाही कसं म्हणायचं? अपशकुन व्हायचा तो आपल्याच घराला आणि आपल्याच लेकीला. जोतीरामने डोळे वटारले. तिनं पदर पसरला. फोटोवाल्याने तिचेही भराभर फोटो काढले, आणि काम उरकल्यासारखी मंडळी चहा अर्धा टाकून निघून गेली.

आता आमच्या भागात टॉवेल-टोपीचा आणखी एक उपयोग असतो, तो सांगायलाच हवा. बांधावरून भांडण झालं, डोकी फुटली, की चार शहाणी माणसं मध्ये पडतात. चूक ज्याची असेल तो दुसऱ्याला टॉवेल-टोपी करतो, त्याच्या घरच्या बाईची ओटी भरतो. टोपी डोक्यावर गेली, ओटी पदरात पडली, की भांडण मिटलं. त्यानंतर त्याचा शब्द काढणारा माणूस गावात हलका ठरतो. शालनने असे किती मिटवामिटवीचे प्रसंग पाहिले होते. तिला कळत नव्हतं ते एवढंच, की आपलं भांडण होतं कुणाशी?

संध्याकाळी तिनं अंकिताला फोन लावला. उचलला नाही. पुन्हा लावला, तर "बरी हाय आई, सराव चालू आहे," म्हणून पोरीनं ठेवूनही दिला. आवाज बसलेला होता.

"तिला सतावू नगं सारखं," जोतीराम म्हणाला.

"तुमी तरी सांगितलं का, सत्कार झाला म्हणून?"

"सांगू की सावकाश."

सावकाश! पोरीनं एक पकड केली तरी म्हशीची धार अर्धी टाकून पाराकडं पळणारा हा माणूस! आज साक्षात डोक्यावर टोपी आली, तर ती खुंटीला अडकवून भिंतीकडं तोंड करून पडला होता. शालन त्याच्या पाठीकडं बघत राहिली. नवऱ्याची पाठ तिला एवढी अनोळखी कधी वाटली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी "बार्शीला बहिणीकडं जाऊन येते," असं सांगून ती निघाली आणि बार्शीच्या स्टँडवर सोलापूरच्या गाडीत चढली.

होस्टेलच्या खोलीत अंकिता एकटीच होती. पोरगी वाळून गेली होती. आईला बघून ती धावत येईल असं शालनला वाटलं होतं. ती जागची हललीसुद्धा नाही.

"तू पण ओटी घेतलीस ना?" एवढंच म्हणाली.

तिनं मोबाइल पुढं केला. पदर पसरून उभी असलेली शालन, मागं टोपी घातलेला जोतीराम. खाली सरांनी लिहिलं होतं, घरच्यांनी मोठ्या मनाने मिटवलं आहे, आता तू एकटी ताणू नकोस.

"काय मिटवलंय? अंकी, मला कायबी म्हाईत न्हाय गं. तुझी आण."

अंकिता तिच्या तोंडाकडं बघत राहिली, खरं-खोटं तपासत. आपल्या पोटच्या पोरीनं आपल्याकडं असं बघावं, याचं शालनला फार लागलं. मग पोरीनं सांगितलं. सराव शिबिराच्या शेवटच्या दिवशी मुलांच्या संघाचा कर्णधार पृथ्वीराज तिला, सरांनी मॅट उचलायला सांगितल्यात, म्हणून मैदानामागच्या खोलीत घेऊन गेला होता. आत दुसरं कुणी नव्हतं. त्याने दार लावून घेतलं. पुढचं तिनं सांगितलं नाही, आणि शालनलाही ते कळायला सांगावं लागलं नाही.

"मी सरांकडंच गेले आधी. सर म्हणाले, त्याचं मोठ्या लीगला नाव गेलंय, पोराचं आयुष्य बरबाद करू नको. मग मी कॉलेजच्या तक्रार समितीकडं तक्रार दिली. तेव्हापासून मला मैदानावर येऊ देत न्हाईत." अंकितानं नाक पुसलं. "आमच्या संघातल्या पूनमताईचं पण असंच झालं मागच्या वर्षी. तिच्या वडलांचा टोपीतला फोटो सरांनीच दाखवला मला. म्हणाले, बघ, समजूतदार माणसं असतात. तिचं तर लग्नच लावून टाकलं घरच्यांनी."

शालनला गोदावरीबाईंचं ठसठशीत कुंकू आठवलं, आणि किळस आली. या बाईनं अशा किती जणींच्या पदरात तांदूळ ओतले असतील?

"आणि पप्पा?" अंकितानं विचारलं. "सर म्हणाले, वडलांना सगळं सांगूनच गेलो."

"खोटं बोलतुया त्यो. तुझ्या पप्पास्नी कुटं..." शालन बोलता बोलता थांबली. बाजार नाही, लग्नकार्य नाही, आणि काल हा माणूस सकाळीच दाढी करून गाडीची वाट बघत बसला होता. अंकी का आली नाही हे तिनं विचारलं, त्यानं नाही. काय जिंकलं हे तिनं विचारलं, त्यानं नाही.

ती खाटेवर बसली. इतका वेळ ती सरांवर संशय घेत होती, त्यांच्या बायकोवर घेत होती, पोरीनं काही लपवलं असेल असाही घेतला होता. ज्याच्यावर घ्यायचा तो शेजारी झोपला होता.

दुपारी समितीनं अंकिताला बोलावलं होतं. शालन तिच्याबरोबर आत गेली, आणि बघते तर चिंतामणी सरांच्या शेजारी जोतीराम, तीच टोपी घालून. सरांनी त्याला गाडी पाठवून आणलं होतं. नवराबायको एकमेकांपासून लपवून एकाच खोलीत येऊन पोचले होते. शालनला बघून त्याचा चेहरा पडला.

समितीच्या अध्यक्ष दाक्षायणी मॅडम मध्ये बसल्या होत्या, दोन्ही बाजूंना आणखी दोघं. "बसा ताई, पाणी घ्या," मॅडम मऊ आवाजात म्हणाल्या. शालननं पाण्याला हात लावला नाही. गोड माणसांचा तिनं आता धसकाच घेतला होता.

"वडील सांगताहेत की दोन्हीकडून समेट झालाय," मॅडम म्हणाल्या. "तुम्हीही ओटी घेतल्याचा फोटो आहे. मग आम्ही तक्रार मिटली असं धरायचं का?"

"ओटी म्या घेतली," शालन म्हणाली. परक्या माणसांपुढं एवढं बोलायची तिच्यावर कधी वेळच आली नव्हती. "पोरीच्या खेळाचं कौतुक म्हणून घेतली. तिच्या तोंडाला कुलूप घालायची किंमत म्हणून न्हाय. हे मला कुणी सांगितलंच न्हाय. ह्यास्नी सांगितलं हुतं." तिनं नवऱ्याकडं बोट केलं.

"शालन, गप," जोतीराम खालच्या आवाजात म्हणाला. "घरी बोलू."

"घरी तर तुमी भिताडाकडं त्वांड करून पडला हुता."

"मग काय करू?" त्याचा आवाज एकदम फुटला. "गावात कळलं तर लगीन कोण करील तिचं? माझा जीव जळत न्हाय व्हय? पर करायचं काय माणसानं?"

शालनला त्याची कीव आली. खरंच आली. पण पूनमच्या बापाचाही जीव असाच जळला असणार, आणि त्यानंही अशीच टोपी घातली असणार. राग कीवेच्या वर चढला.

"मॅडम, मागच्या साली पूनमच्या घरी बी हेच झालं. सरांस्नी इचारा की, अशा किती घरी टॉवेल-टोपी पोचवली. संघाची पद्धतच हाय म्हणं ती. काल सरांनीच सांगितलं मला, माझ्या दारात."

"वहिनी, गैरसमज होतोय," सर हसत म्हणाले. "कॉलेजची बदनामी नको म्हणून आपण..."

"पूनम कोण?" मॅडमनी विचारलं. सर मोबाइलशी चाळा करू लागले. मॅडमनी पेन खाली ठेवलं. "सर, तुम्ही बाहेर थांबा."

"मी संघाचा प्रमुख आहे, मॅडम."

"म्हणूनच. तुमच्याबद्दलही आता विचारावं लागेल."

सर उठून गेले. ते जाताना दार जरा जोरातच लागलं. शालनला तरीही मॅडमचा पुरता भरवसा वाटेना. आपण आज आलो नसतो, तर याच बाईनं मिटलं म्हणून कागद बाजूला ठेवला असता की नाही? ठेवला असता, असंच तिला वाटलं.

"समेट मुलीनं स्वतः मागितला तरच होतो," मॅडम म्हणाल्या, आणि पहिल्यांदाच अंकिताकडं वळल्या. "तू मागितला होतास का?"

"मला कुणी विचारलंच न्हाई."

"आता विचारते. तुला काय हवंय?"

अंकितानं मान वर केली. "झालं ते सांगायचंय. पहिल्यापासून."

जोतीराम खुर्ची सरकवून उठला. त्याचे डोळे भरून आले होते. "मी भाईर थांबतो," तो पुटपुटला. "मला न्हाय ऐकवणार."

शालनलाही ऐकवणार नव्हतं. तिलाही पळून जावंसं वाटत होतं, कानांत बोटं घालावीशी वाटत होती. तिनं त्याच्या सदऱ्याची बाही धरली.

"बसा," ती म्हणाली. "तिनं एकटीनं सोसलं. आता एकटीनं सांगायचं बी का?"

तो उभाच राहिला. तिनं बाही सोडली नाही. शेवटी तो बसला, लेकीच्या समोरच्या खुर्चीत, आणि अंकिताने बोलायला सुरुवात केली.