सात हजार पावलं

गुडघ्यांनी दगा दिला तेव्हा टेलरमास्तरांनी पायाचं शिलाई मशीन विकून हाताचं घेतलं. तिसऱ्या मजल्यावरून खाली उतरणं त्यांनी सोडूनच दिलं होतं. बायको गेल्यापासून खाली त्यांची वाट बघणारं होतं तरी कोण? दूध, भाजी, शिवायचे कपडे, सगळं दारात यायचं.

दूर राहणाऱ्या लेकीने पावलं मोजणारा पट्टा पाठवला. आकडे तिला तिच्या फोनवर दिसायचे. मास्तरांच्या डाव्या मनगटावर बायकोने दिलेलं घड्याळ होतं, म्हणून पट्टा उजव्यावर चढला. आणि उजवा हात तर दिवसभर मशीनचं चाक फिरवायचा!

"बाबा, सात हजार पावलं!" लेक हरखून म्हणाली. "कुठवर जाता हो फिरायला?"

खरं सांगावं तर पोरीचा हिरमोड. "तळ्यापर्यंत," मास्तरांनी ठोकून दिलं. मग थापेला थाप जोडणं आलं. तळ्याकाठी एक निवृत्त पोस्टमन भेटला, त्याच्याशी गट्टी जमली. त्या नसलेल्या माणसाची मास्तरांना सवयच लागली.

सुट्टीत लेक आठ दिवस यायची होती. मास्तरांनी तिच्यासाठी नवा अभ्रा शिवून ठेवला होता.

"बाबा, या खेपेला नाही जमलं तर चालेल ना? तुमची काळजीच मिटली. हातच्या काकणाला आरसा कशाला, आकडे समोरच आहेत."

"चालेल की." ये म्हणायला त्यांची जीभ रेटेना.

फोन ठेवून त्यांनी घड्याळ काढलं आणि पट्टा डाव्या हातात बांधला. तो हात कापड सरकवण्यापुरताच हलायचा. संध्याकाळी आकडा आला एकशे बारा, दुसऱ्या दिवशी चौऱ्याण्णव. पोरीच्या जिवाला घोर लावतोय याची लाज वाटत होती, पण ती धावत येईल ही आशाही सुटत नव्हती.

तिसऱ्या दिवशी फोन आला. "बाबा, पट्टा बिघडलाय वाटतं. शंभर पावलं म्हणजे काय, थट्टा आहे? नवा पाठवलाय, उद्या पोचेल. पोस्टमनकाका कसे आहेत?"

इतक्या दिवसांत पट्टा पहिल्यांदाच खरं बोलला होता.

"बरे आहेत," मास्तर म्हणाले. "त्यांची मुलगी यायची होती, ती येत नाहीये. फार मनाला लावून घेतलंय त्यांनी."

"अरेरे! पण तुम्ही आहात ना सोबतीला," लेक म्हणाली, "मग झालं तर."

दुसऱ्या दिवशी नवा पट्टा दारात आला. मास्तरांनी तो उजव्या हातात बांधला आणि मशीनवर बसले. संध्याकाळपर्यंत सात हजार पावलं झाली.